लसीकाग्रंथीचे प्राकृत रूप आणि प्रवाही पेशीमापन

पायात काटा मोडला किंवा टाचेला जखम झाली, की दोन-तीन दिवसांत जांघेत एक दुखरी गाठ हाताला लागते. मराठीत तिला 'अवधाण' म्हणतात. अवधाण हा स्वतंत्र रोग नव्हे, जखम भरून आली की ते आपोआप बसते, हे ज्ञान घराघरांतून चालत आलेले आहे. जांघेतील मोठ्या, पिकणाऱ्या गाठीला 'बद' असा निराळा शब्द आहे; आणि मानेभोवती माळेसारख्या उठणाऱ्या, बहुधा क्षयजन्य असणाऱ्या गाठींना 'गंडमाळा' हे वैद्यकग्रंथांतून आलेले जुने नाव आहे. हे तीनही शब्द एकाच अवयवाच्या तीन अवस्थांचे वाचक आहेत. परंतु तोच अवयव निरोगी आणि शांत असताना बोलभाषेत त्याला नाव नाही. 'लसीकाग्रंथी' हा शब्द शास्त्रीय परिभाषेच्या गरजेतून घडविलेला आहे. जे हाताला लागत नाही आणि दुखत नाही, त्याला नाव देण्याची लोकव्यवहाराला गरज भासली नाही, एवढाच याचा अर्थ.

प्रयोगशाळेची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. लसीकाग्रंथी शस्त्राने काढून तपासावयाची वेळ येते ती बहुधा ती सुजली म्हणूनच. साहजिकच प्रयोगशाळांच्या संग्रही सुजलेल्या ग्रंथींची माहिती विपुल, तर न सुजलेल्यांची अत्यल्प असते. आणि तरीही प्रत्येक अहवालात 'हे प्रमाण प्राकृत मर्यादेत आहे' किंवा 'मर्यादेबाहेर आहे' असे विधान अपेक्षित असते. ही मर्यादा कोठून येते, ती कशी ठरविली जाते आणि तिच्यावर किती विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. 'प्राकृत' हा शब्द येथे सर्वत्र 'विकृत' याच्या विरुद्ध अर्थाने, म्हणजे वैद्यकीय अर्थाने, योजिला आहे.

ग्रंथीची रचना

मानवी शरीरात लसीकाग्रंथींची संख्या काही शेकडो भरते. मान, काख आणि जांघ येथील ग्रंथी त्वचेखाली असतात. छातीत, पोटात आणि आतड्यांच्या पडद्यात असलेल्या ग्रंथी मात्र बाहेरून लागत नाहीत. ऊतींतून निघालेला लसीकाद्रव आपल्याबरोबर त्या भागातील जंतू, त्यांचे अंश आणि मृत पेशींचे अवशेष घेऊन ग्रंथीत शिरतो. ग्रंथीत दोन जातींच्या लसीकापेशी प्रामुख्याने वसतात. बाहेरच्या थरात बी पेशींचे गोल पुंजके असतात. त्यांच्या आतील बाजूस टी पेशींचा विस्तीर्ण प्रदेश असतो. आणि मध्यभागी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी व भक्षक पेशी आढळतात. बाहेरून आलेल्या प्रतिजनाची ओळख पटली, की बी पेशींच्या पुंजक्यांमध्ये 'जननकेंद्रे' निर्माण होतात. तेथे बी पेशी वेगाने विभागतात, आपल्या प्रतिपिंडांत सूक्ष्म बदल करतात आणि त्यांतून अधिक चांगल्या जुळणाऱ्या पेशींची निवड होते. अवधाण म्हणजे या सर्व उद्योगाचे बाहेरून जाणवणारे रूप होय.

यावरून एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. यकृत किंवा मूत्रपिंड यांचे निरोगी रूप पुष्कळसे स्थिर असते. लसीकाग्रंथीचे निरोगी रूप तसे नसते. बदलणे हेच तिचे कार्य आहे. ज्या ग्रंथीत कधीच जननकेंद्रे निर्माण होत नाहीत, ती ग्रंथी निरोगी म्हणता येणार नाही. म्हणून तिच्या 'प्राकृत' अवस्थेची व्याख्या एका आकड्याने न होता एखाद्या पल्ल्याने होते, आणि हा पल्ला ठरविण्याचे आज सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे फ्लो सायटोमेट्री अथवा प्रवाही पेशीमापन.

यंत्र आणि त्याची रीत

या साधनाची मूळ कल्पना साधी आहे: पेशी एकामागून एक अशा एका रांगेने वाहावयास लावाव्यात आणि प्रत्येकीची स्वतंत्र नोंद घ्यावी. वॉलेस कूल्टर यांनी सूक्ष्म छिद्रातून जाणाऱ्या पेशींमुळे विद्युत्प्रवाहात होणारा अडथळा मोजून पेशी मोजण्याची रीत शोधली. तिचे अमेरिकन पेटंट त्यांना १९५३ साली मिळाले. मॅक फुलवायलर यांनी १९६५ साली लॉस अलामोस येथे पेशी वेगळ्या काढणारे यंत्र सिद्ध केले. १९६८ साली जर्मनीत म्युन्स्टर येथे वोल्फगांग ग्योडे यांनी प्रतिदीप्तीवर, म्हणजे विशिष्ट प्रकाश पडताच स्वतःच्या ठराविक रंगाने उजळणाऱ्या रंगद्रव्यांवर, आधारलेले यंत्र पुढे आणले. त्याच सुमारास स्टॅनफर्ड येथे लेनर्ड हर्झेनबर्ग आणि त्यांचे सहकारी अशाच रंगद्रव्यांच्या साहाय्याने पेशी निवडण्याच्या यंत्रावर काम करीत होते. 'फ्लो सायटोमेट्री' हे नाव सर्वांनी वापरावे असे ठरले ते १९७६ साली फ्लोरिडातील पेन्साकोला येथे भरलेल्या परिषदेत. तोपर्यंत याच विद्येला निरनिराळी नावे होती.

लसीकाग्रंथीची तपासणी पुढीलप्रमाणे होते. ग्रंथीचा ताजा तुकडा पोषक द्रवात ठेवून प्रयोगशाळेत आणतात. तो बारीक करून, गाळून, पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या जातात. त्यांवर निरनिराळ्या रंगद्रव्यांनी जोडलेली प्रतिपिंडे घालतात. प्रत्येक प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट रेणूलाच चिकटते. मग या पेशी द्रवाच्या वेगवान वेढ्यातून बारीक धारेत एका रांगेने जातात आणि लेसरच्या झोतासमोर येतात. समोरच्या दिशेने विखुरणाऱ्या प्रकाशावरून पेशीच्या आकाराचा अंदाज येतो, बाजूस विखुरणाऱ्या प्रकाशावरून तिच्या अंतर्भागातील कणीदारपणा कळतो, आणि रंगांवरून तिच्या पृष्ठभागावर कोणकोणते रेणू आहेत याचा बोध होतो. सेकंदाला हजारो पेशींची अशी नोंद होते. मृत पेशी आणि परस्परांना चिकटून गेलेल्या जोड्या वगळून उरलेल्यांतून हवा तो गट संगणकाच्या पडद्यावर रेषेने वेढून घेतात. या कृतीला 'गेटिंग' म्हणतात. तिच्यासाठी 'कुंपण घालणे' हा मराठी प्रयोग अर्थवाही ठरेल. कुंपणाच्या आत किती पेशी आल्या, त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे अहवालातील आकडा.

नावांचा प्रश्न

मोजणीच्या आधी नामकरण आले. १९७५ साली ज्यॉर्ज क्योलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे अमर्याद प्रमाणात निर्माण करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९८४ साली त्यांना नील्स येर्न यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीमुळे अनेक प्रयोगशाळा आपापली प्रतिपिंडे बनवू लागल्या आणि आपापली नावे देऊ लागल्या. टी पेशींच्या एका मोठ्या उपगटावरील एकाच रेणूला कोणी 'टी ४', कोणी 'ओकेटी ४', तर कोणी 'ल्यू ३' म्हणू लागले. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहावयाचा, तर आधी दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत हे सिद्ध करावे लागे. हा गोंधळ दूर करण्यासाठी १९८२ साली पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि 'सीडी' क्रमांकांची पद्धत सुरू झाली. वरील रेणू 'सीडी ४' झाला. असे क्रमांक आज साडेतीनशेहून अधिक आहेत.

क्रमांकाचे नाव रूक्ष वाटते, परंतु त्याचा एक गुण मोठा आहे: ते वस्तूविषयी काहीच सांगत नाही, म्हणून चुकीचेही सांगत नाही. याचे उत्तम उदाहरण 'सीडी १०' होय. बालकांच्या रक्तकर्करोगातील पेशींवर हा रेणू प्रथम लक्षात आला, आणि त्याला 'तीव्र लसीकापेशीय रक्तकर्करोगाचे सामाईक प्रतिजन' अशा अर्थाचे नाव मिळाले. पुढे दिसून आले की हाच रेणू निरोगी ग्रंथीच्या जननकेंद्रांतील बी पेशींवर असतो आणि मूत्रपिंडातही सापडतो. ज्या नावात रोग गोवलेला होता, तेच नाव निरोगी पेशीला चिकटून बसले असते. विकृतीतून प्रकृतीकडे जाणाऱ्या शास्त्राला हा धोका सदैव असतो, आणि तो केवळ नावांपुरता नाही.

मर्यादा कशी ठरते

एखाद्या मापाची 'प्राकृत मर्यादा' ठरविण्याची रूढ रीत अशी. निरोगी ठरविलेल्या व्यक्तींचा एक समूह घ्यावयाचा, प्रत्येकाचे माप काढावयाचे, मापे चढत्या क्रमाने लावावयाची आणि मधली शेकडा ९५ मापे ज्या पल्ल्यात येतात तो पल्ला मर्यादा म्हणून स्वीकारावयाचा. वरची शेकडा अडीच आणि खालची शेकडा अडीच मापे बाहेर राहतात. या कामी किमान १२० व्यक्ती घ्याव्यात, अशी प्रयोगशाळा-मानकांची शिफारस आहे. १२० मापांत शेकडा अडीच म्हणजे तीन मापे. याचाच अर्थ असा की १२० व्यक्ती घेऊनही प्रत्येक टोकाची सीमा दोन-तीन व्यक्तींच्या मापांवर उभी असते.

सरासरीच्या दोन्ही बाजूंस प्रमाण विचलनाच्या दुप्पट अंतर घेऊन मर्यादा काढण्याची सोपी रीतही प्रचारात आहे. परंतु ती मापे सममितीने विखुरलेली असतील तरच योग्य. समजा, जननकेंद्रीय पेशींचे सरासरी प्रमाण शेकडा ८ आणि विचलन ६ आले, तर खालची सीमा उणे ४ येईल. पेशींचे प्रमाण शून्याखाली जात नाही हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही. लसीकाग्रंथीतील बहुतेक लहान उपगटांची मापे अशीच एकीकडे झुकलेली असतात; म्हणून तेथे क्रमवारीचीच रीत धरावी लागते.

आणखी एक परिणाम व्याख्येतच दडलेला आहे. शेकडा ९५ चा नियम स्वीकारला, की शंभर निरोगी व्यक्तींपैकी पाच जण नियमानेच मर्यादेबाहेर पडतात. एका अहवालात वीस मापे असतील आणि ती परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर सर्व वीस मापे मर्यादेत असण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६ येते. अर्थात शंभरांतील सुमारे चौसष्ट निरोगी व्यक्तींच्या अहवालात निदान एक तरी आकडा 'मर्यादेबाहेर' दिसेल. प्रत्यक्षात पेशींची मापे परस्परांवर अवलंबून असतात, त्यामुळे नेमका आकडा निराळा येईल; परंतु धोक्याची दिशा तीच राहते.

या अडचणी ओळखूनच फिनलंडमधील रॅल्फ ग्रेसबेक आणि त्यांचे सहकारी सारिस यांनी १९६९ साली 'प्राकृत मूल्य' या शब्दाऐवजी 'संदर्भमूल्य' हा शब्द सुचविला. त्यांचे म्हणणे असे, की मर्यादा देताना ती कोणत्या व्यक्तींवरून, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या रीतीने काढली हे सांगितलेच पाहिजे. 'प्राकृत' या शब्दामुळे हा प्रश्न विचारलाच जात नाही. 'संदर्भ' हा शब्द तो विचारावयास भाग पाडतो.

निरोगी ग्रंथी कोणाची?

रक्ताच्या बाबतीत १२० निरोगी व्यक्ती मिळविणे कष्टाचे असले तरी शक्य असते. मात्र निव्वळ मर्यादा ठरविण्यासाठी १२० निरोगी माणसांच्या ग्रंथी कापून काढणे कोणत्याही नीतीला मान्य होणार नाही. मग रक्तावरूनच ग्रंथीचा अंदाज का बांधू नये? त्याचे उत्तर असे, की शरीरातील एकूण लसीकापेशींपैकी शेकडा दोनच्या आसपास पेशी कोणत्याही क्षणी रक्तात असतात, आणि त्या दोनांचे मिश्रण उरलेल्या अठ्ठ्याण्णवांसारखे नसते. प्रौढांच्या रक्तातील लसीकापेशींत बी पेशी साधारणतः शेकडा ५ ते २० असतात. ग्रंथीत त्यांचा वाटा पुष्कळ मोठा असतो. रक्तातील नैसर्गिक मारक पेशींपैकी सुमारे नऊ-दशांश पेशींवर 'सीडी ५६' हा रेणू मंद असतो. ग्रंथीत मारक पेशी थोड्या, आणि त्यांपैकी बहुसंख्यांवर तो ठळक असतो. रक्ताची मर्यादा ग्रंथीला लावणे म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रवाशांवरून गावातील घरांची शिरगणती करण्यासारखे आहे.

म्हणून संशोधकांनी निरोगी ग्रंथींच्या जागी निरनिराळे पर्याय स्वीकारले आहेत. पहिला पर्याय म्हणजे संशयावरून काढलेल्या परंतु सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष, केवळ 'प्रतिक्रियात्मक' ठरलेल्या ग्रंथी. या सहज उपलब्ध असतात. परंतु त्या सुजल्या म्हणूनच काढलेल्या असतात. मराठीच्या शब्दात सांगावयाचे तर अवधाणावरून काढलेली ही मर्यादा आहे. दुसरा पर्याय म्हणजे अन्य शस्त्रक्रियांच्या वेळी निघालेल्या ग्रंथी, उदाहरणार्थ स्तनाच्या कर्करोगात काखेतून काढलेल्या व अर्बुदाने न ग्रासलेल्या ग्रंथी. परंतु अर्बुदाकडून येणारा द्रव त्यांतूनच वाहत असतो. तिसरा पर्याय अवयवदात्यांचा. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात डोना फार्बर यांच्या गटाने मृत अवयवदात्यांच्या रक्त, प्लीहा, फुप्फुसे, आतडी आणि अनेक ग्रंथी यांतील टी पेशींचा तुलनात्मक अभ्यास केला. २०१३ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कार्यामुळे टी पेशींचे वाटप अवयवागणिक कसे बदलते आणि वयाबरोबर त्यात काय फरक पडतो याचे स्पष्ट चित्र प्रथमच मिळाले. येथे ग्रंथी रोगासाठी निवडलेल्या नसतात, हा मोठा लाभ. परंतु मृत्यूपूर्वीचा अतिदक्षता विभाग, औषधे आणि रक्तसंक्रमण यांचा संस्कार त्यांवर असतो. चौथा पर्याय म्हणजे स्वयंसेवकांच्या ग्रंथीतून बारीक सुईने पेशी ओढून घेण्याचा. यात इजा अल्प होते आणि एकाच ग्रंथीची पुनःपुन्हा तपासणी करता येते. परंतु पेशी थोड्या मिळतात आणि सुई ग्रंथीच्या ज्या भागात शिरली त्या भागाचाच नमुना हाती येतो.

चारही पर्याय उपयुक्त आहेत. त्यांतून मिळणाऱ्या मर्यादा एकच असतील अशी अपेक्षा मात्र बाळगता येत नाही. त्यात वय आणि स्थान यांचे भेद मिळवावे लागतात. आतड्यांच्या पडद्यातील ग्रंथींचा अन्नातील व आतड्यातील प्रतिजनांशी संबंध अखंड असतो. फुप्फुसांजवळच्या ग्रंथी धुराच्या काजळीने काळवंडलेल्या आढळतात. जांघेतील ग्रंथींत वयपरत्वे चरबी आणि तंतुमय ऊती वाढतात. बालकाच्या मानेतील ग्रंथीची मर्यादा वृद्धाच्या जांघेतील ग्रंथीला लावता येत नाही.

टक्केवारीचे स्वरूप

रक्ताच्या तपासणीत दर घनमिलिमीटरला किती पेशी, असा निरपेक्ष आकडा देता येतो. ग्रंथीचा तुकडा बारीक करून तयार केलेल्या द्रवाला असे नैसर्गिक आकारमान नसते. म्हणून तेथे बहुधा शेकडा प्रमाणच दिले जाते. टक्केवारीचा धर्म असा, की सर्व भागांची बेरीज नेहमी शंभरच होते. एक भाग वाढला की दुसरा घटलेला दिसतो. समजा, एका ग्रंथीत ६० टी पेशींमागे ४० बी पेशी आहेत. जननकेंद्रांच्या वाढीने बी पेशी ८० झाल्या आणि टी पेशी साठच राहिल्या. आता टी पेशींचे प्रमाण शेकडा ६० वरून सुमारे ४३ वर उतरेल. एकही टी पेशी कमी झालेली नाही. तरी 'टी पेशी घटल्या' असे वाचणारा वाचक फसेल. म्हणून प्रत्येक टक्केवारीचा छेद कोणता, म्हणजे ती सर्व पेशींपैकी, सर्व लसीकापेशींपैकी की केवळ बी पेशींपैकी, हे स्पष्ट असल्यावाचून तो आकडा अर्थहीन समजावा.

पेशी सुट्या करण्याच्या क्रियेतही सर्व जाती सारख्या टिकत नाहीत. मोठ्या आणि नाजूक पेशी फुटतात. प्लाझ्मा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्याहून यंत्रात कमी भरतात. तंतुमय ऊतीत अडकलेल्या पेशी बाहेरच येत नाहीत. हॉजकिन प्रकारच्या रोगातील ओळखीच्या मोठ्या पेशी नेहमीच्या तपासणीत हुकतात, याचेही कारण पुष्कळसे हेच. शिवाय कुंपण कोठे घालावयाचे हा निर्णय माणसाचा असतो, आणि यंत्राची संवेदनक्षमता कमीजास्त ठेवली तर मंद आणि ठळक यांतील सीमा सरकते. या दोषांवर उपाय म्हणून युरोपातील 'युरोफ्लो' या संघटनेने २००६ पासून काम केले आणि २०१२ साली यंत्राची मांडणी, प्रतिपिंडांचे संच आणि नमुना तयार करण्याच्या रीती यांविषयी एकसूत्री पद्धती प्रसिद्ध केली. एका केंद्राचा आकडा दुसऱ्याच्या मर्यादेशी ताडावयाचा असेल, तर दोघांनी एकाच मापाने मोजले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे.

काळाचा परिणाम

निरोगी ग्रंथी किती बदलू शकते याचा प्रत्यय कोविडच्या लसीकरणाने दिला. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी संदेशवाहक आरएनए लस घेतलेल्या १४ व्यक्तींच्या काखेतील ग्रंथींतून बारीक सुईने पेशी घेतल्या. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार विषाणूच्या प्रथिनाला ओळखणाऱ्या जननकेंद्रीय बी पेशी दुसऱ्या मात्रेनंतर निदान बारा आठवड्यांपर्यंत मोठ्या प्रमाणात टिकून होत्या. या व्यक्ती निरोगी होत्या. त्यांच्या ग्रंथी आपले नेमून दिलेले काम करीत होत्या. परंतु 'शांत' ग्रंथींवरून काढलेली मर्यादा लावली असती, तर हे प्रमाण तिच्यात बसले नसते. व्यवहारातही हा प्रश्न उभा राहिला. लस घेतलेल्या बाजूच्या काखेतील गाठी स्तनतपासणीच्या चित्रांत दिसू लागल्या, आणि नियमित तपासणी पहिल्या मात्रेपूर्वी किंवा दुसऱ्या मात्रेनंतर चार ते सहा आठवड्यांनी करावी, अशी सूचना अमेरिकेतील स्तनप्रतिमा-तज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये केली. कोणत्या हातावर आणि केव्हा लस घेतली, हा साधा प्रश्न विचारला न गेल्यास स्त्रीला कर्करोगाच्या भीतीला तोंड द्यावे लागे.

निदानातील उपयोग

एवढ्या अडचणी असताना मर्यादेचा उपयोग काय, असा प्रश्न येथे उद्भवेल. उपयोग निश्चित आहे. परंतु मर्यादा काय सांगते आणि काय सांगत नाही हे जाणून तिचा वापर झाला पाहिजे.

बी पेशींच्या प्रतिपिंडांतील हलक्या साखळ्या दोन प्रकारच्या असतात: कॅप्पा आणि लॅम्डा. एका बी पेशीवर सामान्यतः यांपैकी एकच असते. निरोगी समूहात दोन्ही प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते आणि माणसात कॅप्पाचा वाटा काहीसा अधिक भरतो. एकाच पेशीच्या संततीतून वाढलेल्या अर्बुदात मात्र सर्व पेशींवर एकच प्रकार असतो. यावरून कॅप्पा आणि लॅम्डा यांचे गुणोत्तर अर्ध्याहून कमी किंवा तिपटीहून अधिक आल्यास संशय घ्यावा, असा संकेत अनेक ठिकाणी रूढ आहे. आता समजा, १,००० निरोगी बी पेशींत ६०० कॅप्पा आणि ४०० लॅम्डा आहेत, म्हणजे गुणोत्तर दीड आहे. यांत अर्बुदाच्या २०० लॅम्डा पेशी मिसळल्या, तर ६०० ला ६०० असे गुणोत्तर एक होते, आणि ते संकेताच्या आत पूर्णपणे बसते. बी पेशींचा सहावा हिस्सा अर्बुदाचा असूनही एकूण आकडा 'प्राकृत' येतो. म्हणून अनुभवी तज्ज्ञ सर्व बी पेशींचे एकच गुणोत्तर पाहून थांबत नाही. आकार, 'सीडी ५', 'सीडी १०' आणि इतर रेणू यांवरून उपगट वेगळे करून प्रत्येकाचे गुणोत्तर पाहतो.

याउलट, कुंपण जितके लहान तितका यदृच्छेचा खेळ अधिक. जोमाने वाढणाऱ्या जननकेंद्रांत थोड्या पेशींच्या संततीचे प्राबल्य असू शकते. ऊतीच्या परीक्षणात निव्वळ प्रतिक्रियात्मक ठरलेल्या काही ग्रंथींत प्रवाही पेशीमापनाने एकाच साखळीच्या 'सीडी १०' युक्त बी पेशींचे ठळक गट दाखविल्याचे निरीक्षण २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे केवळ गुणोत्तरावरून अर्बुदाचे निदान करणे धोक्याचे ठरते. अशा वेळी इतर लक्षणांकडे वळावे लागते. निरोगी जननकेंद्रीय पेशींत पेशीला मरू न देणारे 'बीसीएल २' हे प्रथिन नसते किंवा अत्यल्प असते. पुटिकामय लसीकार्बुदात ते बहुधा भरपूर असते. येथे निर्णय संख्येने न होता विसंगतीने होतो: ज्या पेशीत जे नसावे ते आहे.

टी पेशींच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच लागते. ग्रंथीत 'सीडी ४' युक्त पेशी 'सीडी ८' युक्त पेशींहून पुष्कळ अधिक असणे हेच स्वाभाविक आहे. हे गुणोत्तर हॉजकिन रोगात चढते, तसेच साध्या प्रतिक्रियेतही चढू शकते; एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गात 'सीडी ८' पेशी वाढून ते उतरते; एचआयव्हीच्या संसर्गातही उतरते. मानेतील गाठ घेऊन आलेल्या रुग्णाच्या हाती 'गुणोत्तर मर्यादेबाहेर' एवढाच अहवाल पडला, तर त्याची पुढील काही आठवड्यांची झोप उडेल, कदाचित दुसरी शस्त्रक्रियाही होईल. आणि 'सर्व आकडे मर्यादेत' एवढाच अहवाल आला, तर वाढत असलेला रोग मागे राहून जाईल. दोन्ही चुकांचे मूळ एकच असते: आकड्याला त्याच्या संदर्भापासून तोडून वाचणे. यास्तव पेशीमापनाचा आकडा, ऊतीचे सूक्ष्मदर्शकीय रूप आणि रुग्णाचा इतिहास हे तिन्ही एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढावा, हा नियम सर्वत्र मान्य झाला आहे.

उपसंहार

इंग्रजीतील 'नॉर्मल' या शब्दाचे मूळ लॅटिन 'नॉर्मा', म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्या लावून पाहावयाचा तो लाकूड काटकोनात आहे की नाही हे ठरविण्यासाठी. गुण्या स्वतः लाकडातून सापडत नाही, तो आधी करून घ्यावा लागतो. फ्रेंच तत्त्वचिंतक ज्यॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ सालच्या आपल्या प्रबंधात पुष्कळांत आढळणारे आणि जीवाला हितकर असणारे, असे दोन अर्थ या एकाच शब्दात कसे मिसळतात हे दाखवून दिले. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे: लोक जे बोलतात त्याची नोंद करणे वेगळे आणि त्यांतील एका रूपाला प्रमाण ठरविणे वेगळे. पहिले काम मोजणीचे, दुसरे निर्णयाचे. आणि निर्णय कोणी, कोणाच्या बोलण्यावरून घेतला हे सांगितले नाही, तर प्रमाण हेच निसर्ग होऊन बसते.

लसीकाग्रंथीच्या बाबतीत मोजणीचे काम आज विलक्षण सूक्ष्म झाले आहे. निर्णयाचे काम मात्र यंत्र करू शकत नाही. मर्यादा देणाऱ्याने ती कोणत्या वयाच्या, कोणत्या स्थानाच्या, कशासाठी काढलेल्या ग्रंथींवरून काढली, छेद कोणता घेतला आणि कुंपण कोठे घातले, हे तिच्यासोबत लिहिले पाहिजे. आणि मराठीत लिहिताना 'प्राकृत मर्यादा' याऐवजी 'संदर्भमर्यादा' हा शब्द रूढ करणे श्रेयस्कर होईल. अवधाण पाहताच जुनी माणसे प्रथम 'जखम कोठे आहे?' असे विचारीत. त्या एका प्रश्नात गाठ, तिचे स्थान, तिचे कारण आणि तिचा काळ हे सर्व एकत्र आलेले होते. अहवालातील आकडा वाचणाऱ्यानेही आरंभ तेथूनच करावयाचा आहे.